रंगराव वस्तादांचा खांबरगड

झेंडूच्या माळा घातलेली बैलगाडी तालमीच्या दारात येऊन थांबली, तेव्हा सोनखडीचे आम्ही सगळे पैलवान चिंचेच्या सावलीत बसून खाजवत होतो.

खाजवत होतो हे आज मी मोकळेपणानं सांगतो. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर विचारणाऱ्याचे दात घशात गेले असते. केरबा म्हणायचा, घामोळं आलंय. अर्जुना म्हणायचा, ओढ्याचे डास माजलेत. मी तर सरळ सांगायचो की खुराक जास्त झाला की रक्त उसळतं आणि उसळलेलं रक्त कातडीला आतून ढोसण्या देतं. लोकांना पटायचं. मी आजवर सांगितलेलं बहुतेक सगळं लोकांना पटलेलं आहे.

तर गाडी. गाडीत काठोकाठ लाल माती, चाळून घेतलेली, वर हळदकुंकू आणि मधोमध नारळ. गाडीवान अनोळखी. त्यानं बैलांना थोपवलं आणि पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, "डोंगरतळ्याच्या बादशहा वस्तादांनी पाठवलीय. म्हणाले, सोनखडीच्या तालमीची माती नासली असं कानावर आलं. शेजारधर्म म्हणून आमची घ्या. जत्रेपर्यंत लोळा हिच्यात, पोरांची कातडी सुधारंल."

ज्यांचा तालमीशी संबंध आला नाही त्यांना यातली नांगी कळायची नाही. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली माती ही पैलवानाची आई. तिला ताक पाजायचं, तेल पाजायचं, कापूर खिलवायचा, नागपंचमीला तिची पूजा करायची. कुणाच्या तालमीला तुमची माती नासली म्हणणं आणि वर आपली माती गाडी भरून पाठवणं म्हणजे भर पंगतीत वरमाईच्या पानात शिळं वाढण्यासारखं. केरबानं तर गाडीचं जू धरलंच होतं, गाडी बैलांसकट उलटी करायला. आणि केरबा ती करू शकला असता. एकदा त्यानं चिखलात रुतलेली एसटी ड्रायव्हर-कंडक्टरसकट बाहेर काढली होती, तेव्हा आतली म्हातारी जागीसुद्धा झाली नव्हती.

मी मूठभर माती उचलली, गाडीवानाच्या अंगावर टाकायला. नाकाजवळून हात गेला तसा एक वास आला. ओळखीचा वाटला. पण रागावलेल्या माणसाचं नाक काही कामाचं नसतं.

तेवढ्यात रंगराव वस्ताद बाहेर आले.

आम्हाला वाटलं, आता गाडीवान संपला. वस्तादांनी माती पाहिली, नारळ पाहिला, आमची सगळ्यांची तोंडं पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "उतरवा. दाराच्या डाव्या अंगाला ढीग घाला. आत न्यायची नाही. येता-जाता दिसली पाहिजे." आणि गाडीवानाला गूळ-पाणी द्यायला सांगून ते आत निघून गेले.

त्या ढिगाला वळसा घालून आत जाताना आमची जी जळजळ व्हायची, तिच्यापुढं खाज म्हणजे चैन होती.

आता ही वेळ आमच्यावर आली कशी, ते सांगतो.

त्या वर्षी वस्ताद पाहुण्यांकडच्या एका मोठ्या लग्नाला जाऊन आले. आल्यानंतर महिनाभरानं एका पहाटे मी तालमीत पोचलो, तर वस्ताद हौद्याशेजारच्या लिंबाच्या खांबाला पाठ लावून वर-खाली होत होते. डोळे मिटलेले, तोंडावर समाधीचं सुख. गुडघे वाकवून खाली, मग खांदे डाव्या-उजव्या बाजूला फिरवत वर. मी हात जोडून उभा राहिलो. डोळे उघडल्यावर मला बघून ते जरा दचकले, मग खाकरून म्हणाले, "पाठीसाठी हाय. जुना मेहनतीचा प्रकार हाय."

मी तो प्रकार दुसऱ्या दिवसापासून सुरू केला. माझं बघून केरबानं, केरबाचं बघून अर्जुनानं. आम्हीच त्याला खांबरगड असं नाव दिलं. पंधरवड्यात खांबासमोर रांग लागायला लागली. आधी आम्ही तो वस्ताद करतात म्हणून करत होतो. पुढं पुढं असं झालं की तो केल्याशिवाय जीव राहीना, आणि केला की असं स्वर्गसुख वाटायचं, की आम्ही म्हणायचो, वस्ताद उगीच वस्ताद नाहीत. खांबाची साल गेली, मग खांब गुळगुळीत झाला, मग मधोमध बारीक झाला आणि तालमीचं छप्पर त्या बाजूला कलायला लागलं.

दिवसा जी खाज चिमटा काढायची, ती अंथरुणात शिरलं की कडकडून चावायची. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, काखेत, बेंबीभोवती. पण हौद्यात उतरल्यावर खाजवायचं नाही हा वस्तादांचा दंडक. आणि वस्तादांचं एक वाक्य तीस वर्षं गाव ऐकत आलेलं: "लाल माती लागली की कातडीचा रोग पळतो." त्यामुळं ज्याला जास्त खाज तो मातीत जास्त लोळायचा, आणि तो ज्याच्याशी लढायचा त्यालाही दोन-चार आठवड्यांत लोळावंसं वाटायचं.

घरोघरी आया, बायका, भावजया कणीक मळता मळता हात खाजवायला लागल्या. तिथंच आमचं बिंग फुटलं. गावच्या सरकारी दवाखान्यात त्या वर्षी उपळेकर नावाच्या डॉक्टरीणबाई नव्यानं आल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, आणि बोलायला अशा की ऐकणाऱ्यानं आधी अंगात सदरा घालावा. त्यांच्याकडं निम्म्या गावातल्या बायका एकच दुखणं घेऊन आल्या, आणि प्रत्येकीच्या घरात एक पैलवान निघाला. बाई थेट तालमीवर आल्या.

तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, ही रीत. वस्ताद उंबऱ्यात आडवे उभे राहिले. बाई बाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, "मला आत यायचंच नाही. हात बाहेर काढा."

मग एकेक पैलवान उंबऱ्याआडून हात बाहेर काढायला लागला, देवळात तीर्थ घ्यावं तसा. बाई भिंगातून बघायच्या. अर्जुनानं हातामागून कंबरही पुढं केली, तिच्यावर गोल चट्टे होते, कडेला लाल आणि मध्ये साफ. त्याला सांगितलं, हा नायटा, ही बुरशी आहे, ओला लंगोट दिवसभर आवळून ठेवतोस त्याचं फळ. वर खरूजही आहे, दोन्हींची औषधं वेगळी. पांडबाच्या कोपरावर सुकलेल्या भेगा होत्या आणि त्यातून लस यायची. आम्ही तोच सगळ्यांत घाणेरडा रोग समजून पांडबाचा तांब्या वेगळा ठेवला होता. बाई म्हणाल्या, "हा इसब. हा कुणाकडून कुणाला जात नाही. याचा तांब्या वेगळा ठेवणारे शहाणे कोण?" सगळ्या शहाण्यांनी हात मागं घेतले. पांडबाची छाती मात्र त्या दिवसापासून जी पुढं आली ती आलीच. खरूज त्यालाही होती, पण तो सांगत फिरायचा इसबाचं. माझा रोग माझा एकट्याचा, तुमच्यासारखा सार्वजनिक नाही, म्हणायचा.

बाकी सगळ्यांना एकच. बाईंनी माझ्या बोटांच्या बेचक्यातली बारीक करडी रेघ नखानं दाखवली.

"ही खरूज. हे त्या किड्याचं बीळ. डोळ्याला दिसणार नाही एवढा किडा असतो. भाकरीला पापुद्रा सुटतो ना, तसा कातडीला सगळ्यांत वर मेलेल्या कातडीचा पातळ थर असतो. त्याच्यात हा आडवा पोखरत जातो आणि अंडी घालतो. त्याच्याखाली जिवंत कातडी, तिच्यात रक्त, घामाच्या गाठी, खाज कळवणाऱ्या नसा. मग चरबी. तुमची ताकद त्याच्याही खाली, पैलवान. तिथंवर हा कधी जात नाही. त्याला वरचा पापुद्राच पुरतो."

वस्ताद म्हणाले, "म्हणजे आमच्या मातीत किडं पडलेत असं म्हणायचंय?"

"मातीला मी काही म्हटलंच नाही. हा किडा मातीत जगत नाही. माणसाच्या अंगावेगळा झाला की दोन-तीन दिवसांत मरतो. अंगाला अंग घासलं की जातो. सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं. ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा."

पण तोवर वस्तादांच्या कानात फक्त किडे आणि माती एवढेच शब्द शिरलेले. बाहेर माणसं जमली होती. तीस वर्षांचं वाक्य होतं. ते गरजले, "माझी माती हाच माझा दवाखाना. या उंबऱ्याच्या आत औषधाची बाटली आली, त्या दिवशी रंगराव वस्ताद तालमीला कुलूप घालंल."

बाई शांतपणे भिंग पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तुमच्या उंबऱ्याच्या आत मी नको, बाटली नको. खरजेला तेवढं उंबऱ्याचं कौतुक नाही." आणि गेल्या.

तोंडातून शब्द गेला तो गेला. वस्तादांचा शब्द म्हणजे पंचक्रोशीत दगडावरची रेघ. आणि याच सुमाराला जत्रेच्या पंचांचे म्होरके नारायण खोत आले आणि सांगून गेले, की भैरोबाच्या जत्रेतली शेवटची कुस्ती यंदा सोनखडीचा ज्योतीराम विरुद्ध डोंगरतळ्याचा निवृत्ती चाळके.

ज्योतीराम म्हणजे मी.

शेवटची कुस्ती म्हणजे मैदानाचा कळस. सगळं मैदान तिच्यासाठी थांबतं. ती आमच्या तालमीला वस्तादांच्या तरुणपणानंतर कधी मिळाली नव्हती. त्या वेळी वस्ताद आणि डोंगरतळ्याचे बादशहा मुल्लाणी असे दोघे भिडले होते आणि अंधार पडला म्हणून कुस्ती बरोबरीत सोडवली होती. तेव्हापासून दोघंही म्हातारे होत आले, पण आपल्या मनातली ती कुस्ती दोघांपैकी कुणीच सोडलेली नव्हती. वस्तादांचे गुडघे बोलायला लागले होते. यंदाचं वर्ष त्यांचं शेवटचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

खोतांनी जाता जाता खालच्या आवाजात एक अट सांगितली. बोभाटा झालाय, म्हणाले. खरजुल्या हाताला हात कोण लावणार? मैदानावर डॉक्टरीणबाई दोन्ही पैलवानांची अंगं तपासणार. त्यांनी नाही म्हटलं तर सोनखडीची जोड रद्द.

म्हणजे इकडं औषध लावलं तर वस्तादांचा शब्द जातो, नाही लावलं तर कुस्ती जाते. त्यात आमची पोरं अशी अडेल, की वस्तादांनी शब्द दिलाय म्हटल्यावर कातडी सोलून निघाली तरी बाटलीकडं बघणार नाहीत. मी एकदा चोरून दवाखान्याकडं निघालो होतो, तर केरबानं वाटेत अडवलं आणि म्हणाला, "वस्तादाच्या शब्दापेक्षा तुझी कुस्ती मोठी झाली व्हय रं?" मी परत फिरलो.

अशा वेळी ती मातीची गाडी आली होती.

ढीग घातला त्याच संध्याकाळी, ऊन कलतं झालेलं, वस्तादांनी सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं. स्वतः ढिगाकडं तोंड करून बसले आणि विचारलं, "त्या बाई काय म्हणाल्या होत्या? मातीत किडा जगत नाही म्हणाल्या होत्या न्हवं?"

आम्ही हो म्हटलं.

"म्हणजे आपली माती निर्दोष हाय. दोष हाय तुमच्या कातड्यांचा. तुमच्या कातड्यांपायी माझ्या आईला शेजारगावानं गाडीभर शिव्या पाठवल्या. हे मी ऐकून घ्यायचं?"

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते करू, वस्ताद."

"हौदा आठवडाभर बंद. कुणी कुणाला हात लावायचा न्हाई. बाईंना बोलवा. औषध लावा. आठवड्यानं पुन्हा लावा. त्यानंतर आपल्याच मातीत उतरायचं, आणि तेव्हा खरूज परत आली न्हाई, की डोंगरतळ्याला कळंल माती कुणाची नासलीय."

कुणीतरी भीत भीत शब्दाची आठवण करून दिली. वस्ताद त्याच्याकडं वळले.

"बाटली उंबऱ्याच्या आत यायची न्हाई म्हणालो होतो. पैलवान उंबऱ्याच्या बाहेर जायचा न्हाई, असं म्हणालो होतो का मी?"

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली जो सोहळा झाला, तसा मी पुन्हा पाहिला नाही. औषध ताकासारखं पांढरं, घमेल्यांत ओतलेलं. सगळे पैलवान आंघोळ करून, अंग कोरडं करून उभे. बाई चिंचेच्या पलीकडं आमच्याकडं पाठ करून खुर्चीवर बसल्या आणि तिथनं हुकूम सोडायला लागल्या. मानेपासून सुरू करा. काखा. बोटांची बेचकी. नखांच्या खाली. बेंबी. मग म्हणाल्या, लंगोटाखाली. तिथं सगळे थबकले. आमची चुळबूळ ऐकून त्या मागं न बघता म्हणाल्या, "पैलवान, कातडी लंगोटाखालीसुद्धा असते."

लावल्यावर थोडा वेळ काही झालं नाही. मग जिथं जिथं खाजवून सालपटं निघाली होती, तिथं ते औषध बोलायला लागलं. पांडबा भजन म्हणायला लागला. केरबा काही न बोलता ओढ्याच्या दिशेनं धावत सुटला. उद्यापर्यंत धुवायचं नाही असा हुकूम होता, म्हणून अर्जुना त्याच्यामागं पळाला आणि ओढ्याच्या अगदी काठावर त्यानं केरबाचे पाय खेचून त्याला आडवा केला. त्या सबंध वर्षात अर्जुनानं काढलेला तो सगळ्यांत देखणा पट.

शेवटी बाईंनी विचारलं, "वस्तादांनी लावलं?"

वस्ताद म्हणाले, मला काही नाही.

"ज्याला काही नाही त्यानं आधी लावायचं."

वस्तादांनी सदरा काढला. पाठीला मीच लावलं. पाठभर नखांचे ओरखडे आणि लाकडाच्या घासण्याचे वळ होते. मला वाटलं, केवढी ही खांबरगडाची मेहनत. मी त्या पाठीला नमस्कार केला.

घरोघरीही तेच चाललं होतं. वस्तादकाकींनी सुनांना, सुनांनी पोरांना माखलं. लंगोट, चादरी, वाकळा सगळं गोळा करून गुऱ्हाळावरच्या जुन्या काहिलीत उकळलं. तो वास तीन गावांपलीकडं गेला. तिकडच्या लोकांना वाटलं, सोनखडीनं गुळाची नवी जात काढली, आणि दोन व्यापारी भाव विचारायलाही आले होते.

आठवड्यानं पुन्हा माखलो. मग हौद्यात उतरलो. नवा फोड कुणाला आला नाही. करड्या रेघा गेल्या. खाज मात्र अधूनमधून उठायची, आणि मी घाबरून बाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "किडे मेलेत. कातडी अजून विसरलेली नाही. तिला थोडे दिवस दे." म्हणून आम्ही खांबरगड तेवढा चालू ठेवला. एव्हाना तो आमच्या अंगवळणी पडला होता. पोटावर पडलो तरी खांदे आपोआप डावे-उजवे व्हायचे.

जत्रेच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. झाडं माणसांनी वाकली होती. माझं नाव पुकारलं आणि कुणीतरी मागून ओरडलं, खाजवायला काठी देऊ का? हशा पिकला. समोर निवृत्ती चाळके उभा होता, दगडी रांजणासारखा. तो माझ्या हातांकडं बघत होता. वस्ताद माझ्या मागं उभे होते, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

उपळेकर बाई पंचांच्या रांगेतून उठून मैदानाच्या कडेला आल्या. निवृत्तीला तपासून सोडलं, मग माझी बोटं एकेक फाकवून भिंगातून बघितली, मनगट बघितलं, काख बघितली, पाठ फिरवून बघितली. मग त्यांनी माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मी धरला आहे," त्या म्हणाल्या. "ज्याला भीती वाटते त्यानं लढू नये."

निवृत्ती पैलवान खानदानी. तो चार पावलं पुढं आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. कुस्ती लागली.

ती कुस्ती मी सांगायची म्हटली तर रात्र जाईल. थोडक्यात सांगतो, की आमच्या पायांखालच्या मातीतून ओल वर आली आणि कडेच्या एका विहिरीचं पाणी हललं, हे विहीरवाल्यानं स्वतः सांगितलेलं आहे. निवृत्ती माझ्यापेक्षा जड होता, सरस होता. त्यानं मला खाली घेतलं, मान दाबली, आणि इंच इंच उलटा करायला लागला. माझा डावा खांदा मातीला टेकला. दोन्ही एकदम टेकले की संपलं. आभाळ दिसायला लागलं. आणि आभाळाच्या कडेला उलटे दिसणारे वस्ताद. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आणि तेवढ्यात पाठीत, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये, खाज उठली.

काय सांगू, तसली खाज सगळ्या साथीत आली नव्हती. हात अडकलेले. मी चीत होणार हे विसरलो, मैदान विसरलो. माझ्या पाठीला एकच गोष्ट ठाऊक होती, आणि तिनं ती केली. गुडघे वाकले, कंबर उचलली, खांदे मातीवर डावे-उजवे, डावे-उजवे, जसा खांबाला लागलोय. निवृत्तीनं आयुष्यात सगळे डाव पाहिले होते, पण छातीखालचा माणूस असा मुंगसासारखा सरकतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोन घासण्यांत मी त्याच्या बगलेतून बाहेर. तो स्वतःच्याच जोरानं पुढं गेला, मी मागून कंबर धरली, आणि पुढच्या श्वासाला निवृत्ती चाळके आभाळ बघत होता आणि मी त्याच्या छातीवर बसून पाठ खाजवत होतो.

मैदान उसळलं. केरबानं मला खांद्यावर घेतलं, केरबाला अर्जुनानं घेतलं. त्या उंचीवरून मला तीन तालुके दिसले.

मग खाली उतरलो तर समोर बादशहा वस्ताद, हातात भगवा फेटा घेऊन. पांढरीशुभ्र दाढी, एक कान मुडपलेला. त्यांनी स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला आणि रंगराव वस्तादांकडं वळून विचारलं, "रंगा, डावाचं नाव काय?"

"खांबरगड," आमचे वस्ताद म्हणाले.

"आम्हाला शिकवशील?"

"पाठ लागती त्याला," वस्ताद म्हणाले. आणि ते दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. मग माझ्याच्यानं राहवेना. मी फेट्याचा शेमला सावरत म्हणालो, "बादशहा वस्ताद, तुमची माती आम्ही आत घेतली नाही. आमच्याच मातीनं जिंकलो. तुमची गाडीभर माती उद्या परत पाठवतो."

बादशहा वस्तादांनी माझ्याकडं बघितलं, मग निवृत्तीकडं बघितलं.

"कसली माती?" ते म्हणाले. "दुसऱ्याच्या तालमीला माती पाठवायला मी काय वेडा हाय? असलं पाप माझ्या हातनं व्हईल?"

मी वळून पाहिलं. रंगराव वस्ताद आभाळात काहीतरी शोधत होते. आभाळात काही नव्हतं.

आणि मग, इतक्या दिवसांनी, माझ्या नाकाला तो वास परत आला. निर्गुडीचा पाला आणि कापूर. डोंगरतळ्याच्या मातीला ताकाचा वास असतो, हे आताच तासभर तिच्यातल्या पैलवानाला मिठी मारून मला कळलं होतं. निर्गुडी घालून माती मळणारा पंचक्रोशीत एकच माणूस होता.

गावाकडं परतताना मिरवणूक पुढं गेली. वस्तादांचे गुडघे दुखत होते म्हणून ते मागं राहिले, त्यांच्याबरोबर मी राहिलो. मग मी म्हणालो, "वस्ताद, त्या मातीला निर्गुडीचा वास होता."

"आसंल."

"गाडीवानाला तुम्ही गूळ-पाणी दिलं."

"लांबनं आला होता बिचारा. माझ्या मेव्हण्याच्या गावचा."

चार पावलं गेल्यावर मी विचारलं, "लग्नाहून आल्यावर पहिली खाज तुम्हालाच आली होती ना? खांबावर?"

वस्ताद थांबले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण ते हसले. पहिल्यांदा गालात, मग पोटात, मग असे, की वाटेवरच्या दगडावर बसावं लागलं त्यांना. डोळे पुसत म्हणाले, "ज्योत्या, बोललेला शब्द गिळता येत न्हाई. मोठा असतो, घशात अडकतो. पण त्याच्यावरनं गाडी न्हेता येती. गाडीत काय भरायचं तेवढं कळाया पायजे." मग उठता उठता म्हणाले, "आणि तुम्ही लेकानो डॉक्टरणीचं ऐकत न्हवता, माझा शब्द धरून बसला होता. तुम्हाला राग आणल्याबिगर शहाणपण कुठनं येणार?"

मी म्हणालो, "पण खांबरगड तर खराच निघाला."

"ते मलाबी आज कळलं," वस्ताद म्हणाले.

तालमीशी पोचलो तेव्हा दिवस मावळायला होता. सगळे दारात उभे होते, गुलालानं माखलेले. केरबानं ढिगाकडं बोट दाखवून विचारलं, "वस्ताद, हिला डोंगरतळ्याला नेऊन ओतू?"

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, कोपऱ्यातलं घमेलं उचललं, ढिगातून भरलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेऊन उंबरा ओलांडला.

"आत घ्या," ते म्हणाले. "आपलीच हाय. बाहेर किती दिस ठेवायची तिला?"

केरबाला त्याचा अर्थ कळला नाही. पण वस्तादांचा शब्द होता, म्हणून त्यानं दुसरं घमेलं उचललं. खांबापाशी पोचल्यावर वस्तादांनी माती ओतली, इकडंतिकडं बघितलं, आणि सवयीनं पाठ खांबाला टेकवून एकदा वर, एकदा खाली झाले.

आजही त्या बाजूच्या तालमींत पहाटे गेलात तर पोरं खांबाला पाठ घासताना दिसतील. विचारा कुणालाही. पाठीसाठी आहे, जुना मेहनतीचा प्रकार आहे, असंच सांगतील.